धवल्याच्या कॅसेटची दुसरी बाजू

मेलेल्या बाईचा आवाज मी पुसला. मुद्दाम नाही, दुरुस्ती करताना. आमच्या धंद्यात बरंचसं नुकसान दुरुस्तीतच होतं.

कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टोकांना प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात, दोन बाजूंचे दोन. तुकडा मोडून टाकला की त्या बाजूवर परत काही भरता येत नाही. हे कुठल्याही कॅसेटवाल्याला ठाऊक असतं. मी रेडिओचा कोर्स पोस्टाने केला होता आणि ही माहिती ज्या पाठात होती तो पाठ बहुधा पोस्टातच राहिला. त्यामुळे जानूकाकांनी ती कॅसेट माझ्या हातात दिली तेव्हा मला फक्त एक भोक दिसलं. मी त्यावर चिकटपट्टी लावली, नखाने घासून गुळगुळीत केली आणि 'बघा, बुजवलं' म्हणून वर कौतुकाची वाटही पाहिली.

ही शहाण्णव सालची गोष्ट. परांड्याच्या हायस्कुलातून निघून मी नेरुळला झहूरभाईंच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागलो होतो, तीन महिने झाले होते. राहायला करावे गावात, जानूकाकांच्या घरामागच्या खोलीत. जानूकाका अर्धा दिवस खाडीत होडी घालायचे आणि अर्धा दिवस ओट्यावर बसून समोर उठणाऱ्या नव्या इमारतींचे मजले मोजायचे. त्यांनी आणलेली मासळी त्यांची बायको पुतळाबाई नेरुळच्या बाजारात विकायची. पंचेचाळिशीची बाई, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की गिऱ्हाईक भाव करायला तोंड उघडायचं आणि मिटून घ्यायचं. मी देशावरचा, मासा साफ कसा करतात ते ठाऊक नाही. तरी तिने 'घे रं' म्हटल्यावर भीतीने मासळीचे दोन वाटे घेऊन आलो होतो आणि संध्याकाळी तिच्याकडेच साफ करायला दिले होते. या बाईला स्वतःबद्दल कसली शंका असेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

तिची सासू धवलारीण होती. इकडच्या लग्नात मांडवाच्या दिवशी धवला गातात, आणि तो बाईच गाते. भटजी येतो, आपलं काम करून जातो, पण आवतण द्यायचं काम धवलारणीचं. आधी गावचे देव, मग खाडी, मग त्या घरातली मेलेली माणसं. एकेकाला त्याच्या त्याच्या कडव्याने हाक मारायची, पाटावर त्याच्या नावाची सुपारी ठेवायची, बस म्हणायचं. ज्याला हाक आली नाही तो मांडवाच्या दाराबाहेर उभा राहतो असं गावात मानतात. आत येत नाही आणि परतही जात नाही.

म्हातारी जाऊन दोन वर्षं झाली होती. जाण्यापूर्वी जानूकाकांनी तिचा सगळा धवला त्या कॅसेटवर भरून घेतला होता, एकाच बाजूला, आणि पुसला जाऊ नये म्हणून मागचा तुकडा मोडून टाकला होता. मी बुजवला तो हाच.

वैशाखात मितालीचं लग्न होतं. मिताली जानूकाकांच्या भावाची मुलगी, शेजारच्याच घरातली. तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले. त्यांचं कडवं म्हातारीने स्वतः रचलं होतं, आपल्या मुलाचं. ते दुसऱ्या गावच्या धवलारणीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. ते होतं कॅसेटवर आणि पुतळाबाईच्या डोक्यात. मितालीने सांगून टाकलं होतं, बाबाला हाक मारायची तर काकूने मारायची, नाहीतर मी मांडवात बसत नाही. आणि पुतळाबाई नाही म्हणत होती. का, ते मला जानूकाकांनी सांगितलं. चार वर्षांपूर्वी म्हातारीचा घसा बसला म्हणून गावातल्या एका मांडवात पुतळाबाई पहिल्यांदा गायला बसली. नवऱ्यामुलाच्या आजोबाचं कडवं विसरली. श्रावणात त्या मुलाची होडी खाडीत उलटली आणि तो बुडाला. बातमी आली तेव्हा म्हातारी भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "तुना जमनार नाय." नंतर तो विषय घरात कधी निघाला नाही.

शेवटी मितालीच्या आग्रहाने एवढं ठरलं की काकूने निदान कॅसेट ऐकावी. म्हणून मी एका शुक्रवारी दुकानातला टू-इन-वन घेऊन भरदुपारी पुतळाबाईच्या स्वयंपाकघरात गेलो. फळीवर ठेवला, कॅसेट घातली, बटण दाबलं. त्या जुन्या मशीनचं प्लेचं बटण दाबलं की शेजारचं रेकॉर्डिंगचं लाल बटणही खाली जायचं. झहूरभाईंनी मला ते दोनदा सांगितलं होतं. आवाज येईना. मी तज्ज्ञासारखी मान हलवली, हेडवर धूळ आहे, स्पिरिट घेऊन येतो म्हणालो आणि दुकानात गेलो. तिथे एक टीव्ही उघडून ठेवला होता, त्यात डोकं घातलं ते संध्याकाळपर्यंत. मशीन फळीवर तसंच चालू. घरात पुतळाबाई एकटी, मासे साफ करत बसलेली.

शनिवारी दुपारी म्हातारीचा आवाज ऐकायला ओटीवर सातआठ बाया जमल्या. मिताली पुढे बसली होती. गावातले सर्वांत जुने गोटीरामदादा काठी टेकत आले. मी स्पिरिटचा बोळा फिरवला, कॅसेट मागे घेतली आणि या वेळी एकच बटण नीट दाबलं.

आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज आला, खाली दाबलेला, जुना, ओल्या भिंतीतून येतो तसा. गाण्याचा नव्हता. म्हणत होता, "तुना जमनार नाय. तोंड उघडशील त कोनतरी मरंल. गप बस. तुज्या डोसक्यात काय रात नाय. मासं कापाची लायकी तुजी, देव बोलवाला निघालीस. गप बस." मध्ये थांबायचा, पाणी ओतल्यासारखा आवाज यायचा, मग परत तेच. तेच शब्द, त्याच क्रमाने. मध्येच कोणीतरी म्हातारं माणूस खोकल्यासारखं वाटलं.

बाहेर ऊन होतं, कोंबड्या हिंडत होत्या, आणि ओटीवर कोणी हलेना. गोटीरामदादा हळूच म्हणाले, "म्हातारी रागावलीय." दोन बाया उठून गेल्या. मितालीने आईचा हात धरला. मी मशीन बंद केलं. पुतळाबाईने पदर तोंडाला लावला होता. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "बरोबर बोलते ती."

मला इथे सांगायला हवं होतं. लाल बटण मला आठवलं होतं. पण समजा म्हातारीचा धवला मीच पुसला, तरी हा आवाज कुणाचा, हे काही माझ्याकडून सुटत नव्हतं. तो पुतळाबाईचा नव्हता. पुतळाबाईचा आवाज मला चांगला माहीत होता, दोन वाटे घेतले होते मी. शिवाय खोली जाईल, नोकरी जाईल. मी कॅसेट खिशात घातली आणि नऊ दिवस तोंड मिटून बसलो. गप बस असं ज्याला सांगितलं होतं तो मी नव्हतो, पण ऐकलं मीच.

त्या नऊ दिवसांत पुतळाबाई बाजारात बसायची पण हाक मारायची नाही. गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. एकाने चांगल्या बोयटांना शिळी म्हटलं तर तिने मान डोलावली आणि टोपली झाकली. ओटीवरून मशीन नेलं तरी बाया त्या घरात शिरताना मशीनच्या जागेकडे बघायच्या. धवल्याऐवजी बॅण्ड लावू म्हणून मितालीची आई पनवेलच्या बॅण्डवाल्याला विचारून आली. मिताली नुसती काकूच्या दारात येऊन बसायची आणि उठून जायची.

नवव्या दिवशी, रविवारी, जानूकाकांनी मला खाडीवर पाठवलं. काकू सकाळी चिखलातले खुबे-शिंपले वेचायला गेलीय, दुपार झाली, भरती यायची वेळ आहे, बघून ये. मी गेलो. ओहोटीचा चिखल लांबवर चकाकत होता आणि तिवरांची झाडं मुळं वर करून उभी होती. वारा पडलेला. त्या बाजूला माणूस असं एकही दिसेना, पण चिखलात पावलांची रांग होती, ती तिवरांत शिरत होती. मी काठावर उभा राहून हाक मारणार, तेवढ्यात तोच आवाज ऐकू आला.

तोच, शब्दाला शब्द. "तुना जमनार नाय. तोंड उघडशील त कोनतरी मरंल." भर दुपारी, झाडांतून, जवळून. माझे पाय चिखलात रुतले होते, नाहीतर मी आज परांड्यात असतो. मग पाण्याचा चुळूक आवाज झाला. तिवरांच्या मुळांमध्ये पुतळाबाई वाकून खुबे धूत होती. पाठ माझ्याकडे. ओठ हलत होते की नाही दिसलं नाही, पण मान हलत होती, कुणी ओरडत असेल आणि आपण कबूल करत असू तशी. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत चढलं होतं, तिला त्याचा पत्ता नव्हता.

मी 'काकू' म्हणून हाक मारली. ती वळली आणि तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काय रं, तू इकडं कशाला तडफडलास?" मी विचारलं, कुणाशी बोलत होतात. ती म्हणाली, कुणाशी नाही. तिने ते खोटं सांगितलं नव्हतं. तिला खरोखर माहीत नव्हतं.

सोमवारी मी कॅसेट झहूरभाईंपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. झहूरभाई उरणकडचे, कमी बोलणारे. मी चूक केली की आधी चहा मागवायचे. त्यांनी चिकटपट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोन चहा मागवले. हेडफोन लावून त्यांनी पूर्ण बाजू ऐकली. मग हेडफोनचा एक कान माझ्याकडे देऊन म्हणाले, मागचं ऐक, बाई काय बोलते ते सोड.

मागे लांबून ठण, ठण असे ठोके होते. खाडीजवळच्या नव्या टॉवरच्या पायात खांब ठोकत होते ते. ते काम जानेवारीत सुरू झालं. म्हातारी त्याच्या कितीतरी आधी गेलेली. मग अगदी शेवटी, पट्टी संपता संपता, जानूकाकांचा आवाज आला, घरात शिरताना येतो तसा: "पुतळे, कोनाशी बोलतंस गो?" आणि त्याच दाबलेल्या आवाजात उत्तर: "कोनाशी नाय."

झहूरभाई म्हणाले, "अजून एक गोष्ट आहे. या मशीनचं इरेज हेड झिजलंय. जुनं सगळं जात नाही. खाली थोडं राहतं." त्यांनी आवाज वाढवला. बोलणं जिथे थांबत होतं तिथे खरखरीच्या तळाशी दुसरं काहीतरी हलत होतं. गाणं. खूप लांबून, पाण्याखालून. मी हेडफोन काढून ठेवला. झहूरभाईंनी स्वतःचा चहा संपवला, मग माझाही, आणि म्हणाले की दुपारची सुट्टी घे आणि जा, दुकान मी बघतो.

पुतळाबाई ओट्यावर टोपली धूत होती. मी तिला चिकटपट्टीपासून सगळं सांगितलं, माझी नऊ दिवसांची गुळणीही. मला वाटलं टोपली डोक्यात बसेल. तिने हात पुसले, पायरीवर बसली आणि हेडफोन मागितला.

पहिल्यांदा ऐकून म्हणाली, ही मी नव्हे. दुसऱ्यांदा जानूकाकांची हाक आली तेव्हा तिने हेडफोनवर हात दाबला. तिसऱ्यांदा ऐकताना ती रडली नाही, घाबरलीही नाही. बाजारात एखादीने शिळा माल ताजा म्हणून पुढे सरकवला की तिची नजर जशी व्हायची तशी झाली.

"चार वरसं हीच माजे डोक्यात बसलीय," ती म्हणाली. "मना वाटायचा मी इचार करतंय." मग टोपलीकडे बघत, "कोनी सांगितला मासा ताजा हाय, त आपून काय करतो? कल्ला उचलून आत लाल हाय का बघतो. हिचा कल्ला कवा उचललाच नाय मी."

आणि तिने उचलला. मी मशीन थांबवायचो, ती एक एक वाक्य घ्यायची. कडवं विसरले? विसरले, ते खरं. त्या मुलाची होडी उलटली? उलटली. तो दोन दिवसांचा प्यायलेला, वादळाचा बावटा लावलेला असताना होडी घेऊन गेला, अख्ख्या गावाने अडवला, ते कुणी कॅसेटवर का भरलं नाही? डोक्यात काही राहत नाही? मग बाजारातल्या एकूणएक गिऱ्हाइकाची उधारी कुणाच्या डोक्यात आहे? 'जमनार नाय' हे म्हातारी एकदाच म्हणाली होती, तो मुलगा बुडाला त्या दिवशी, भिंतीकडे बघून. "ती एकदा बोलली," पुतळाबाई म्हणाली. "बाकी सगला मीच तिचे नावानं बोलतंय."

सगळी वाक्यं एकदम खोटी निघाली असं नाही. दोनतीन ठिकाणी ती अडली आणि पुढे चल म्हणाली. मला त्यात एक गोष्ट दिसली. बोलणं थांबून खालचं गाणं वर यायचं तेव्हा तिचे ओठ हलत होते, आणि कडव्याचे शब्द हेडफोनमधून झिरपण्याआधी तिच्या ओठांवर येत होते. मितालीच्या वडिलांच्या कडव्याजवळ मात्र पट्टी साफ पुसली होती. तिथे नुसते टॉवरचे ठोके.

"मधी खोकला कोन?" तिने उठताना विचारलं. मी म्हणालो, तुम्हीच असाल, नाहीतर खालचं जुनं. ती म्हणाली, "सासू माजी कवा खोकली नाय. गल्याचं दुखनं व्हता, पन खोकला नाय." यावर झहूरभाईंनीही नंतर काही सांगितलं नाही.

मांडवाचा दिवस. सकाळपासून उन्हाचा ताव, उंबराची फांदी आणून पुरलेली, पाटावर तांदूळ पसरलेले आणि बाजूला सुपाऱ्यांची वाटी. पुतळाबाई आली, बसली. बाया जरा अंतर ठेवून बसल्या. गोटीरामदादा दाराशी, बाहेर तोंड करून. कुणी उभं राहिलंय का बघत होते की काय कोण जाणे.

तिने सुरुवात केली. आवाज आधी फाटला, मग बसला. गावदेव आले, खाडी आली, पणजोबा, पणजी, आजोबा आले. एकेक सुपारी तांदळात बसत होती. मग म्हातारीचं कडवं, पुतळाबाईने बहुतेक स्वतःच जुळवलेलं. ती सुपारी ठेवताना तिचा हात जरा वेळ तिथेच राहिला.

आता मितालीचे वडील. पुतळाबाईने सुपारी उचलली आणि थांबली.

मांडवात माश्यांचा आवाज ऐकू येत होता. मिताली हळदीच्या हातांनी पाटाची कड धरून बसली होती. मला पुतळाबाईचे ओठ दिसत होते. ते हलायला लागले, न गाता, आणि ते शब्द मला पाठ होते. मान हलू लागली, खाडीतल्यासारखी.

मग तिने हातातली सुपारी खाली ठेवली, वाटीतून दुसरीच एक घेतली, आपल्या डाव्या मांडीशी तांदळाची चिमूट टाकून त्यावर ठेवली आणि बाजूला बसलेल्या कुणाशी बोलावं तसं म्हणाली, "तू पन ये गो. इथं बस. पन आता गप बस तू."

तिच्या डाव्या बाजूची बाई नकळत थोडी सरकली, जागा केल्यासारखी.

पुतळाबाईने पहिली सुपारी परत उचलली. कडवं यायला वेळ लागला. एक ओळ चुकली, ती परत मागे गेली, चुकलेली ओळ नीट केली आणि पुढे निघाली. नाव आलं. मितालीने डोळे मिटले. गोटीरामदादांनी दारातून पाय मागे घेतला, वाट दिल्यासारखा.

संध्याकाळी सुपाऱ्या गोळा करताना दादांनी मोजल्या आणि एक जास्त आली. कुणाची म्हणून विचारलं. "माजी पावनी हाय," पुतळाबाई म्हणाली. "येते मदी मदी. आता दाराबाहेर उभी रात नाय, येवडाच." दादांनी ती सुपारी हाताने उचलली नाही, काठीने तिच्याकडे सरकवली.

माझा हिशेब दुसऱ्या दिवशी निघाला. मी नवी कोरी कॅसेट घेऊन गेलो होतो, भरपाई म्हणून. धवला परत भरू म्हणालो. ती तिला नको होती. तिने जुनीच माझ्या हातात ठेवली. एक बाजू भरलेली, दुसरी कोरी. म्हणाली, "माजा ऐकलास ना कान लावून? आता या दुसऱ्या बाजूला तुजा भर. मशीन चालू ठेव आनि इसरून जा, तुना ता चांगला जमते. भरला की मना आनून दे."

मी हसलो. ती हसली नाही.

याला तीन वर्षं झाली. मिताली दिवाळेगावात नांदते, तिला मुलगा आहे. पुतळाबाई आता आसपासच्या गावांत धवल्याला जाते. कडवं चुकलं तर परत मागे जाते आणि वाटीत एक सुपारी नेहमी जास्तीची घेते. मी कामोठ्याला खोली घेतली, स्वतःचा रिपेअरिंगचा बाकडा टाकला. कॅसेट माझ्याकडेच आहे. एका रविवारी लाल बटण दाबून मी तासभर खोलीतच रेडिओ उघडत बसलो होतो. नंतर मागे घेऊन ऐकायला सुरुवात केली. दोन मिनिटं ऐकलं असेल. मी एकटाच होतो, तोंड मिटून काम करत होतो अशी माझी समजूत होती. ते सगळं पुसून टाकलं. या वेळी मुद्दाम, आणि चांगल्या हेडच्या मशीनवर.

परवा नेरुळच्या बाजारात ती भेटली. बोयटांचा वाटा पानात बांधून दिला, साफ करून, आणि विचारलं, माझी बाजू भरली का. मी म्हणालो, कामोठ्याला लाइट फार जाते हो काकू.

"सेलवर चालतो ना तो," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

सेलही घेऊन ठेवलेत मी. चार, मोठे.